कुलूप नसलेले घर: ग्रामीण कादंबरीतील गॉथिक

ग्रामीण कादंबरी म्हटले की शेत, गुरे, ऋतूंचे चक्र आणि माणसांचा राबता डोळ्यांसमोर येतो. गॉथिक म्हटले की पडका किल्ला, वादळी रात्र आणि ऐन वेळी विझणारा दिवा. ही दोन चित्रे परस्परांपासून इतकी दूर आहेत की एखाद्या शेतघरात घडणाऱ्या कादंबरीला समीक्षक ‘गॉथिक’ म्हणतात तेव्हा वाचक बुचकळ्यात पडतो. किल्ला नाही, तळघर नाही, भूत असलेच तर तेही कोणीतरी सांगितलेले. मग यात गॉथिक ते काय? या प्रश्नाची उकल करण्यासाठी मी एकच साधी किल्ली वापरणार आहे. अशी कोणतीही कादंबरी हाती घेतली की विचारावे, ही माणसे तिथून निघून का जात नाहीत? या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्या कादंबरीच्या मर्मापर्यंत घेऊन जाते. (‘ग्रामीण’ हा शब्द येथे मराठीतील विशिष्ट साहित्यप्रवाहासाठी वापरलेला नसून गावात, शेतावर किंवा माळावर घडणारी कोणत्याही भाषेतील कादंबरी एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.)

आधी शब्दाविषयी. गॉथ ही प्राचीन युरोपातील एक जर्मानिक जमात. प्रबोधनकाळातील इटालियन लेखकांना मध्ययुगातील टोकदार कमानींची चर्च रानटी वाटत असत, म्हणून त्यांनी त्या शैलीला गॉथांचे नाव देऊन हिणवले. पुढे इंग्लंडमध्ये तीच हेटाळणी आकर्षण बनली. लेखक आणि राजकारणी होरेस वॉलपोल याने ट्विकनहॅम येथील आपले स्ट्रॉबेरी हिल हे घर त्या जुन्या शैलीत सजवले आणि डिसेंबर १७६४ मध्ये ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. पहिल्या आवृत्तीत त्याने स्वतःचे नाव लपवले. एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथालयात सापडलेल्या इटालियन पुस्तकाचा हा अनुवाद आहे, अशी बतावणी केली. पुस्तक खपले तेव्हा दुसऱ्या आवृत्तीत त्याने लेखकत्व कबूल केले आणि ‘एक गॉथिक कथा’ असे उपशीर्षक जोडले. साहित्यप्रकाराचे नामकरण झाले ते असे.

त्या कादंबरीत मॅनफ्रेड या सरदाराचा मुलगा लग्नाच्या दिवशीच एका अवाढव्य शिरस्त्राणाखाली चिरडून मरतो. वंश बुडू नये म्हणून मॅनफ्रेड स्वतःच्या पत्नीला सोडून मुलाच्या वाग्दत्त वधूशी, इझाबेलाशी, लग्न करायला निघतो. ती भुयारातून पळू लागते आणि वाऱ्याच्या झोताने तिच्या हातातील दिवा विझतो. आजच्या वाचकाला यातील बराचसा भाग हास्यास्पद वाटेल, आणि माझ्या मते तो आहेही. पण सांगाडा पाहिला तर मॅनफ्रेडच्या आजोबाने खऱ्या धन्याला विष घालून हा किल्ला बळकावलेला असतो. म्हणजे मूळ दुखणे मिळकतीचे आहे. आजोबांचे पाप नातवंडांच्या अंगावर कोसळते आणि ते जेथे कोसळते त्या वास्तूतून बाहेर पडण्याची वाट अंधारी आहे. क्रिस बाल्डिक या अभ्यासकाने १९९२ मध्ये गॉथिक कथांचे संकलन करताना या प्रकाराची जी ओळख करून दिली तिचा आशय हाच आहे: काळाच्या अंगाने वारशाची भीती, स्थळाच्या अंगाने कोंडले गेल्याची भावना आणि या दोहोंनी एकमेकांना दिलेले बळ. भूत, वटवाघळे, काळे पडदे हा वरचा साज झाला. तो उतरवला तरी वारसा आणि कोंडमारा उरत असेल तर ती कादंबरी गॉथिकच आहे.

मराठी वाचकाला ही मांडणी रससिद्धांताच्या भाषेत अधिक जवळची वाटेल. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाचे विभाव, म्हणजे तो भाव जागवणारी कारणे, सांगताना विकृत आवाज, कोल्हा आणि घुबड यांच्याबरोबर शून्यागार, म्हणजे ओसाड घर, आणि अरण्यात जाणे यांचाही उल्लेख येतो. त्याच यादीत स्वजनांचा वध किंवा बंधन पाहणे हेही आहे. ओसाड घर आणि आप्तांचे बंधन एका दमात सांगणारी ही यादी गॉथिक कादंबरीचा आराखडा म्हणून सहज खपली असती. फरक एवढाच की काव्यशास्त्रात स्थळ बहुधा उद्दीपन विभाव असते, भाव चेतवण्यापुरते. गॉथिक कादंबरीत मात्र स्थळ आलंबनाच्या, म्हणजे भावाच्या मूळ विषयाच्या, जागी येऊन बसते. भीती घरात वाटत नाही, घराचीच वाटू लागते.

किल्ल्याची ही कादंबरी अठराव्या शतकाच्या अखेरीस फार लोकप्रिय झाली. अ‍ॅन रॅडक्लिफ हिने १७९४ मधील ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’मध्ये एका काळ्या पडद्यामागे काय आहे हे शेकडो पाने लपवून ठेवले आणि अखेरीस तो मेणाचा पुतळा निघाला. तिचे एक निरीक्षण आजही उपयोगी आहे. १८२६ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या लेखात ती दहशत आणि किळसवाणे भय यांत फरक करते. काहीतरी येणार आहे या जाणिवेने मन ताणले जाते, सगळी इंद्रिये जागी होतात, ती दहशत. जे समोर येऊन ठाकले त्याने मन आकसते, गोठते, ते भय. एडमंड बर्क याने १७५७ मध्येच लिहून ठेवले होते की एखादी गोष्ट भयंकर वाटण्यासाठी ती अस्पष्ट असावी लागते. एकाकी स्थळाचा कादंबरीकाराला होणारा पहिला फायदा हाच: जेथे विचारायला दुसरा माणूस नाही तेथे अस्पष्ट गोष्ट अस्पष्टच राहते.

पण युक्ती सर्वांच्या परिचयाची झाली की तिची गंमत होते. डिसेंबर १८१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’त जेन ऑस्टेनची नायिका वादळी रात्री एक जुने कपाट उघडते, आत तिला कागदांची गुंडाळी सापडते, मेणबत्ती विझते, रात्रभर ती थरथरत पडून राहते, आणि सकाळी कळते की ती धुण्याच्या कपड्यांची यादी आहे. किल्ला आता कोणाला घाबरवणार नव्हता. गॉथिकला नवे घर हवे होते, आणि ते त्याला माळावर मिळाले.

एमिली ब्राँटी हिची ‘वदरिंग हाइट्स’ डिसेंबर १८४७ मध्ये एलिस बेल या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. ‘वदरिंग’ हा उत्तर इंग्लंडच्या बोलीतील शब्द असून वादळात त्या उंचावरच्या घराभोवती हवेचा जो धुमाकूळ चालतो त्याला तो लागू आहे, हे कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात सांगून टाकले आहे. घराच्या टोकाला वाढ खुंटलेली फरची झाडे एका बाजूला कललेली आहेत, आणि काटेरी झुडपांच्या रांगेच्या सगळ्या फांद्या, सूर्याकडे भीक मागावी तशा, एकाच दिशेला पसरल्या आहेत. खिडक्या अरुंद, भिंतीत खोल बसवलेल्या. दारावर १५०० हे साल आणि एका पूर्वजाचे नाव कोरलेले. हे वर्णन बारकाईने वाचले तर लक्षात येते की यात गूढ असे काहीच नाही. वाऱ्याच्या तोंडावर बांधलेले शेतघर असेच असणार. खिडक्या लहान ठेवणे हा तेथला व्यवहार आहे. किल्ल्याचे सगळे गुण, जाड भिंती, चिंचोळी गवाक्षे, कोरलेली वंशावळ, त्या व्यवहारातूनच आले आहेत. ग्रामीण गॉथिकची ही पहिली करामत: भयाची सामग्री बाहेरून आणावी लागत नाही, ती कामाच्या वस्तूंतच असते.

याच मालकाच्या खालच्या घरात राहणारा लॉकवुड हा भाडेकरू दुसऱ्यांदा येथे येतो तो चार मैल चालत, आणि हिमवर्षाव सुरू होतो. परत जायला वाटाड्या हवा म्हणून तो विचारतो. घरातील तरुण विधवा त्याला सांगते की तिला तर बागेच्या भिंतीपर्यंतही जाऊ देत नाहीत. मग दुसरे कोण आहे? ती मोजून दाखवते: मालक, हेअरटन, मोलकरीण झिला, म्हातारा गडी जोसेफ आणि ती स्वतः. शेतावर पोरेटोरे कोणी नाहीत का? नाहीत, एवढेच. मला हा संवाद त्या प्रसिद्ध भुताच्या प्रसंगापेक्षाही अधिक गॉथिक वाटतो. एकांताचे यात कोणतेही काव्य केलेले नाही. फक्त हजेरी घेतली आहे. पाच माणसे, त्यांपैकी एकही तुमच्या उपयोगाचा नाही, आणि बाहेर बर्फ. एकाकीपणा म्हणजे माणसे नसणे असे आपण धरून चालतो, पण कादंबरीत तो बहुतेक वेळा असा असतो: माणसे आहेत, हाकेच्या अंतरावर आहेत, आणि हाक मारून उपयोग नाही.

नाइलाजाने मुक्काम केलेल्या त्या रात्री लॉकवुड पेटीसारख्या बंदिस्त पलंगात झोपतो. खिडकीच्या कडेवर कॅथरीन हे नाव तीन वेगवेगळ्या आडनावांनी पुन्हापुन्हा कोरलेले असते. स्वप्नात खिडकीवर फरची फांदी टकटक करत असते. ती थांबवावी म्हणून तो काच फोडून हात बाहेर घालतो आणि फांदीऐवजी बर्फासारखा गार, इवलासा हात त्याच्या मुठीत येतो. मला आत घ्या, मी वीस वर्षे भटकते आहे, असा आवाज येतो. हात सुटत नाही म्हणून तो सभ्य, सुशिक्षित शहरी माणूस ते मनगट फुटक्या काचेवर घासतो, रक्त वाहीपर्यंत. या प्रसंगात भूत काहीच क्रूर करत नाही. क्रौर्य पाहुण्याकडून घडते, तेही पहिल्याच रात्री. त्याच्या ओरडण्याने धावत आलेला मालक हीथक्लिफ नंतर तीच खिडकी उघडून, हुंदके देत, तिला आत बोलावतो. आत येतो तो फक्त बर्फ आणि वारा. भूत खरे की स्वप्न हा वाद येथे घालता येतो आणि समीक्षकांनी तो घातलाही आहे, पण लेखिकेने दोन्ही बाजूंना पुरेल एवढीच सामग्री ठेवली आहे. खिडकीबाहेर फरचे झाड खरोखर आहे. नाव खरोखर कोरलेले आहे. तिसरा साक्षीदार नाही.

दुसऱ्या दिवशीची परतीची वाट तर लेखिकेच्या निरीक्षणाचा नमुना आहे. त्या माळावर, ज्याला तिकडे मूर म्हणतात आणि ज्यात हीथची झुडपे व दलदली असतात, वाटेच्या एका बाजूला सहा-सात यार्डांवर एकेक दगड उभा केलेला असून त्याला चुना फासलेला आहे. अंधारात वाट दिसावी आणि बर्फ पडल्यावर पक्की जमीन कोठली, दलदल कोठली हे कळावे, यासाठी ही सोय. पण बर्फ इतका पडला आहे की येथे-तेथे एखादा मळकट ठिपका वगळता दगडांचा मागमूसही नाही. माणसाने माळावर लिहिलेली एक ओळ निसर्गाने पुसून टाकली, एवढेच घडले आहे, आणि तेवढ्याने चार मैलांचे अंतर जिवावर बेतते. घरी पोचलेला लॉकवुड पुढे चार आठवडे अंथरुणाला खिळतो. करमणूक म्हणून तो नेली या जुन्या नोकरणीला त्या घराण्याची हकिकत सांगायला लावतो, आणि कादंबरी खऱ्या अर्थाने तेथे सुरू होते.

ही निवेदनाची रचनाही एकांताचाच भाग आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. आपल्याला जे कळते ते सगळे नेलीच्या तोंडून, तेही परक्या माणसाने टिपून ठेवलेले. नेली चतुर आहे, मायाळू आहे, आणि काही वेळा मोक्याची गोष्ट दडवणारीही आहे. तिने सांगितलेले पडताळून पाहायला त्या परिसरात दुसरा आवाज जवळजवळ नाही. किल्ल्यातल्या नायिकेला एका खोलीत कोंडलेले असते. येथे वाचकाला एका माणसाच्या बोलण्यात कोंडले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वदरिंग हाइट्समधली माणसे निघून का जात नाहीत? या कादंबरीवर चार्ल्स पर्सी सँगर या बॅरिस्टरने १९२६ मध्ये एक निबंध लिहिला. त्यात त्याने प्रेम, सूड, वादळ हे सगळे बाजूला ठेवून घटनांच्या तारखा आणि मिळकतीचे कायदे तपासले, आणि दोन्ही विलक्षण काटेकोरपणे सांभाळलेले निघाले. हीथक्लिफ हा कॅथरीनचा सूडाने पेटलेला प्रियकर आहे हे खरे, पण त्याचे हत्यार गहाणखत आहे. कॅथरीनचा भाऊ हिंडली या वारसाने जुगाराच्या नादात जमिनीचा प्रत्येक तुकडा गहाण टाकला आणि गहाण घेणारा हीथक्लिफ होता. हिंडली मरतो तेव्हा त्याचा मुलगा हेअरटन स्वतःच्याच घरात बिनपगारी गडी होतो, आणि आपल्यावर अन्याय झाला हे त्याला ठाऊकही नसते. त्याला कोंडायची गरजच नाही; जमिनीखेरीज त्याला काही येत नाही आणि जमीन दुसऱ्याची झाली आहे. पुढच्या पिढीतील कॅथीला, कॅथरीनच्या मुलीला, मात्र एकदा खरोखर कोंडतात. तिच्याबरोबर अडकलेली नेली नंतर हिशेब सांगते: पाच रात्री आणि चार दिवस. ते कुलूप कशासाठी, तर एका लग्नासाठी. त्या काळच्या इंग्रजी कायद्यानुसार पत्नीची जंगम मालमत्ता लग्नानंतर पतीची होई. लग्न लागले, नवरा मेला, मृत्युपत्राने जंगम सगळे सासऱ्याकडे, म्हणजे हीथक्लिफकडे, गेले आणि जमिनीवरही तो ठाण मांडून बसला. मग कुलपाचे काम संपले. पैसा नाही, आप्त नाहीत, म्हणून ती त्याच्या ताब्याला हात लावू शकत नाही, असे नेली कोरड्या शब्दांत सांगून टाकते. जी बाई निघून जाते, ती हीथक्लिफची बायको इझाबेला, अंगावरच्या कपड्यांनिशी बर्फातून पळते आणि पुन्हा त्या परिसरात पाऊल ठेवत नाही. जाता येत नाही असे नाही. जायचे तर सगळे सोडून जावे लागते.

किल्ल्यातील गॉथिक आणि शेतघरातील गॉथिक यांतला फरक मला येथे दिसतो. किल्ल्याचा खलनायक दार बंद करतो. शेतघराला ते करावे लागत नाही. जमीन, कर्ज, वारसाहक्क, गोठ्यातली जनावरे आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसे मिळून ते काम करतात. दार उघडे असते, समोर मैलोन्‌मैल मोकळा माळ असतो, आणि तो मोकळेपणाच चेष्टेसारखा वाटू लागतो.

सिग्मंड फ्रॉईडने १९१९ मधील एका निबंधात जर्मन भाषेतील एका शब्दाचा मजेशीर गुण दाखवला आहे. ‘हाइमलिश’ या शब्दाचा एक अर्थ घरगुती, ओळखीचा, उबदार. दुसरा अर्थ झाकलेला, लपवून ठेवलेला. म्हणून त्याच्या विरुद्धार्थी शब्दाने दर्शवली जाणारी भीती परक्या गोष्टीची नसते, तर घरातच असून दडपलेल्या आणि आता वर येऊ पाहणाऱ्या गोष्टीची असते. मराठीत ‘घरची गोष्ट’ या शब्दप्रयोगाला हीच छटा आहे: घरची गोष्ट घरातच राहावी असे म्हणतो तेव्हा ती ओळखीचीही असते आणि झाकण्यासारखीही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ब्राँटी बहिणी जगापासून तुटलेल्या ओसाड माळावर राहत आणि म्हणून त्यांनी असे लिहिले, ही समजूत फार पसरली आहे. एलिझाबेथ गॅस्केल हिने १८५७ मध्ये लिहिलेल्या शार्लट ब्राँटीच्या चरित्राचा त्यात मोठा वाटा आहे. प्रत्यक्षात यॉर्कशरमधील हॉवर्थ हे गिरण्यांचे, दाटीवाटीचे गाव होते आणि काही मैलांवरील कीली येथे १८४७ मध्ये, कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, रेल्वे पोचली होती. बेंजामिन बॅबेज या सरकारी निरीक्षकाने १८५० मध्ये गावाच्या आरोग्याची पाहणी केली, तेव्हा तेथील मृत्यूचे सरासरी वय २६ वर्षांहूनही कमी निघाले. ब्राँटींच्या घरासमोरच दफनभूमी होती आणि ती खच्चून भरलेली होती. मरण त्यांना माळावर जाऊन शोधावे लागत नव्हते. एमिलीने या गजबजलेल्या गावातून गिरण्या, रेल्वे आणि गर्दी वगळली, कथेचा काळ पन्नास-साठ वर्षे मागे नेला, आणि दोन घरे व मधला माळ एवढेच शिल्लक ठेवले. तिने सापडलेला एकांत लिहिला नाही. खोडरबराने तो तयार केला. वाचक कोण होते हेही ध्यानात घ्यावे. १८५१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्सची निम्म्याहून अधिक लोकसंख्या शहरी भरली. गाव मागे सोडून आलेल्या माणसांना गाव भुताटकीचे वाटणे स्वाभाविक होते, कारण त्यांनी तेथे काय सोडले हे त्यांना माहीत होते.

अंधार, बर्फ आणि वादळ यांवाचूनही हे साधते का? थॉमस हार्डीने १८७८ मधील ‘द रिटर्न ऑफ द नेटिव्ह’मध्ये ते भर उन्हात करून दाखवले. या कादंबरीच्या पहिल्या प्रकरणात एकही पात्र नाही. तिन्हीसांजेला काळवंडत जाणारा एग्डन हीथ हा माळ तेवढा आहे. पण तिचा सर्वांत भीषण प्रसंग ऑगस्टच्या अखेरच्या दिवशी, रणरणत्या दुपारी घडतो. मिसेस यॉब्राइट ही वृद्ध आई मुलाशी आणि न पटलेल्या सुनेशी समेट करायला माळ तुडवत त्यांच्या घरी येते आणि दार ठोठावते. आत मुलगा, क्लिम, कामाने थकून गाढ झोपला आहे. सून युस्टेशिया जागी आहे, पण तिच्याकडे तिचा पूर्वीचा प्रियकर आलेला आहे. झोपेत क्लिम ‘आई’ असे पुटपुटतो. तो जागा झाला, तोच दार उघडेल, असे समजून ती पाहुण्याला मागच्या दाराने वाटेला लावते. परत येऊन पाहते तर नवरा तसाच झोपलेला. दार उघडते तेव्हा बाहेर कोणी नसते. म्हातारीने खिडकीत सुनेचा चेहरा पाहिला आहे आणि दार उघडले नाही एवढेच तिला कळले आहे. परतताना ती वाटेत थकून बसते आणि तिला साप चावतो. शेजारी तव्यावर साप तळून त्याची चरबी जखमेला लावतात, तरी ती वाचत नाही. येथे दुष्टपणा कोणीच केलेला नाही. चारी दिशांना क्षितिज मोकळे आहे, आणि एका न उघडलेल्या दारामुळे त्या मोकळ्या जागेचे तळघर होते. शेजारी असता, रस्त्यावर वर्दळ असती, तर कोणीतरी सांगितले असते की मुलगा झोपला आहे, पुन्हा ठोठावा. एकांताने साप आणला नाही. त्याने एक गैरसमज दुरुस्त होऊ दिला नाही.

याच युस्टेशियाला पॅरिसची ओढ आहे. ती माळाला तुरुंग म्हणते, आणि एका मुसळधार रात्री अखेर निघते. बाहेर पडल्यावर तिच्या लक्षात येते की एकटीने दूर जाण्याइतके पैसे आपल्याजवळ नाहीत. त्याच रात्री जवळच्या झोपडीत एक शेजारीण तिचा मेणाचा पुतळा करून, त्यात टाचण्या खुपसून, तो विस्तवावर वितळवत असते, कारण तिच्या मते युस्टेशिया चेटकीण आहे. युस्टेशिया बुडून मरते. करणीने की पैसे नसल्याने, हे हार्डी सांगत नाही. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून तो बाजूला होतो. अंधश्रद्धा ही ग्रामीण गॉथिकमध्ये फोडणीसारखी वापरण्याचा मोह अनेकांना होतो. हार्डीचे कसब असे की त्याने तिला हिशेबाच्या वहीशेजारी बसवले.

विसाव्या शतकात हे सूत्र वेगवेगळ्या भूमीत रुजले. अमेरिकेच्या दक्षिणेत फ्लॅनरी ओ’कॉनरच्या १९५५ मधील ‘गुड कंट्री पीपल’ या कथेत तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवलेली बत्तीस वर्षांची मुलगी, अधू हृदयामुळे, आईच्या शेतावर अडकून पडली आहे. बायबल विकणारा एक भोळाभाबडा वाटणारा तरुण तिला गवताच्या माळ्यावर नेतो, तिचा लाकडी पाय सोडवून घेतो आणि तो पेटीत टाकून चालता होतो. माळ्यावरून शिडी आहे, पाय नाही. मेक्सिकोत, त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या हुआन रुल्फोच्या ‘पेद्रो पारामो’त तर गावच मेलेले आहे. आईला दिलेल्या शब्दाखातर बापाला शोधत एक तरुण कोमाला गावात येतो आणि भेटणारे बोलणारे सगळे मृत आहेत हे त्याला हळूहळू उमगते. त्या कुजबुजीचे कारणही जमिनीतच सापडते: पारामोने, म्हणजे त्याच बापाने, त्या तरुणाच्या आईशी लग्न केले ते तिच्या घराण्याचे कर्ज फेडायला नको म्हणून, आणि सगळी जमीन हाती आल्यावर, प्रिय पत्नीच्या मृत्यूनंतर गावाने जत्रा भरवली याचा राग येऊन त्याने हाताची घडी घातली. मालकाने काहीच करायचे नाही असे ठरवले आणि गाव उपासमारीने मेले. याहून स्वस्तातला शाप कोणत्याही किल्ल्याला मिळालेला नाही.

एखाद्या प्रकाराची हाडे पाहायची असतील तर त्याचे विडंबन वाचावे. स्टेला गिबन्स हिच्या १९३२ मधील ‘कोल्ड कम्फर्ट फार्म’मध्ये एडा डूम ही म्हातारी वर्षानुवर्षे खोलीत बसून सगळ्या कुटुंबाला धाकात ठेवते, कारण लहानपणी तिने लाकडाच्या कोठारात काहीतरी ओंगळ पाहिले होते. कोणी शेत सोडून जाऊ म्हटले की तिला वेडाचा झटका येतो. काय पाहिले होते, हे अखेरपर्यंत कळत नाही, आणि कळावे असे वाटतही नाही. शहरातून आलेली फ्लोरा ही नातेवाईक मुलगी मंत्रतंत्र करत नाही की भूतकाळ उकरत नाही. ती एकेकाला शेतावरून बाहेर काढते: एकाला चित्रपटात, एकाला मोटारीतून गावोगाव प्रवचने करायला, आणि शेवटी खुद्द म्हातारीला विमानाने पॅरिसला. शेतघर लगेच साधे शेतघर होते. गिबन्सला या प्रकारातील नेमकी खीळ सापडली होती, आणि ती तिने हसत हसत उपटली.

‘वदरिंग हाइट्स’च्या अखेरीसही, विनोदाशिवाय, हेच घडत असते. हीथक्लिफ उघड्या खिडकीखाली, पावसात भिजलेला, मेलेला सापडतो. हेअरटन आणि कॅथी लग्न करून खालच्या घरी राहायला जाणार आहेत. वरचे घर बंद होणार, म्हातारा जोसेफ तेवढा स्वयंपाकघरात राहील आणि बाकीच्या खोल्या बंद राहतील. लॉकवुड म्हणतो, म्हणजे ज्या भुतांना राहायचे असेल त्यांच्यासाठी. नेली त्याला दटावते, मृतांना शांती मिळाली आहे असे सांगते. पण तिनेच थोड्या वेळापूर्वी एका मेंढपाळ पोराची गोष्ट सांगितलेली असते: माळावर हीथक्लिफ आणि एक बाई उभी आहे म्हणून तो रडत होता आणि त्याच्या मेंढ्या पुढे जायला तयार नव्हत्या. पोराने ऐकीव गप्पांवरून हे मनाने रचले असेल, असे तिचे मत आहे. तरी आता अंधार पडल्यावर बाहेर राहायला आणि या घरात एकटीने थांबायला तिला आवडत नाही, आणि सगळे येथून हलतील तेव्हा तिला बरे वाटेल.